कोंडलेल्या वाफेचा हिशेब

गुऱ्हाळावर रात्र काढलेल्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. काहिलीत रस ओतला, चुलवाणात चिपाडे सारली, की रसाला कढ यायला काही वेळ लागतो खरा. पण खरे जळण त्यानंतर लागते. कढ आल्यावर गुळव्या ‘उतरा’ म्हणेपर्यंत जाळ सारखा ठेवावा लागतो. चिपाडांचा ढीग खाली येतो, जाळणारा घामाने निथळतो, आणि काहिलीतला रस मात्र बराच वेळ त्याच तापावर उकळत राहतो. मग एवढा जाळ गेला कुठे?

रसाचे राहू द्या, साधे पाणी घेऊ. एक किलो पाणी एका अंशाने तापवावयास जी उष्णता लागते तिला एक उष्मांक म्हणू. अंश सगळे सेंटिग्रेडचे. ३० अंशांचे एक किलो पाणी १०० अंशांपर्यंत न्यावयाचे तर ७० उष्मांक पुरतात. पण त्याच १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांचीच वाफ करावयाची तर वर ५३९ उष्मांक लागतात. म्हणजे जवळजवळ आठपट! आणि उष्णतामापकाचा पारा तेवढ्या वेळात तसूभरही हलत नाही. शाळेच्या पुस्तकात हिला अप्रकट उष्मा म्हणतात. जुनी मंडळी सुप्त उष्णता म्हणत. नाव कोणतेही घ्या, माणूस हजारो वर्षे पाणी उकळत आला, पण ही उष्णता मोजावी असे पहिल्याने कोणाच्या मनात आले ते अठराव्या शतकात.

ही झाली उघड्या भांड्याची गोष्ट. आता भांडे बंद करा. शंभर लिटरची भक्कम लोखंडी टाकी घेतली, आत एक किलो पाणी घातले, हवा काढून टाकली आणि तोंड कायमचे मिटवून खाली जाळ लावला. वाफेला बाहेर पडावयास वाट नाही, टाकी फुगत नाही, ताणत नाही. त्या सगळ्या पाण्याची वाफ करावयास किती उष्णता लागेल? जास्त की कमी? आज महाविद्यालयातला विद्यार्थी हे उदाहरण कोष्टक उघडून थोड्या वेळात सोडवतो. परंतु ते कोष्टक तयार व्हावयास पावणेदोनशे वर्षे लागली, आणि त्या वाटेवर माणसेही मेली.

पाणी भक्कम भांड्यात कोंडून तापविण्याचे धाडस नीट हिशेबाने केले ते देनी पापँ या फ्रेंच माणसाने. शिक्षणाने हा वैद्य. पॅरिसमध्ये हायगेन्सच्या हाताखाली आणि पुढे लंडनमध्ये बॉइलच्या हाताखाली त्याने काम केले. १६७९ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक जाड धातूचे भांडे मांडले. झाकण स्क्रूने घट्ट आवळलेले. आत पाणी आणि हाडे. कोंडलेल्या वाफेचा दाब चढला की पाणी १०० अंशांवर न उकळता त्याहून पुष्कळ तापते आणि कठीण हाडेसुद्धा मऊ होतात. १६८२ च्या एप्रिलात सोसायटीच्या सभासदांना त्याने या भांड्यातले जेवण घातले. जॉन एव्हलिन नावाचा सभासद त्या पंगतीला होता. बैलाची नि मेंढीची हाडे किती मऊ झाली होती याचे वर्णन त्याने रोजनिशीत मोठ्या चवीने केले आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरचा हा खापरपणजोबा.

पण मला पापँचे कौतुक वाटते ते जेवणाबद्दल नाही. भांडे फुटू नये म्हणून त्याने झाकणावर एक लहानशी झडप बसविली आणि तिच्यावर दांडी व वजन ठेवले. दाब ठराविक हद्दीपलीकडे गेला की वाफ झडप उचलून निघून जाई. सुरक्षा-झडपेचा जन्म तो हा. दांडीवरच्या वजनावरून आतला दाबही कळे. त्या काळी भरवशाचा उष्णतामापक मिळत नव्हता, म्हणून त्याने युक्ती काढली: झाकणाच्या खोलगट भागात पाण्याचा थेंब टाकावयाचा, बाजूला लंबक टांगावयाचा, आणि थेंब उडून जाईपर्यंत लंबकाचे झोके मोजावयाचे. झोके कमी, तर ताप जास्त. शिवाय किती कोळसा लागला तेही तो टिपून ठेवी. म्हणजे बघा, दाब, ताप आणि जळण ही तिन्ही टोके या गृहस्थाच्या हातात होती. मात्र त्यांना एकत्र बांधणारा धागा त्याला मिळाला नाही.

तो धागा मिळाला ग्लासगोला. जोसेफ ब्लॅक तेथे विद्यापीठात अध्यापक होता. त्याने एक अगदी साधा प्रश्न विचारला. सर्वांची समजूत अशी, की पाणी उकळीला आले की आणखी थोड्याशा उष्णतेने त्याची वाफ होते. ब्लॅक म्हणाला, तसे असते तर कढ आल्याबरोबर भांड्यातले सगळे पाणी एकदम वाफ होऊन बंदुकीच्या दारूसारखे उडावयास हवे होते. पण पाणी तर सावकाश आटते. तेव्हा प्रत्येक थेंब वाफ होताना बरीच उष्णता पोटात घेत असला पाहिजे.

१७६२ साली त्याने ही उष्णता मोजली. कशाने? घड्याळाने! सपाट बुडाच्या भांड्यात थोडे पाणी घेऊन ते तापून लाल झालेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवले. ५० फॅरनहाइट अंशांचे ते पाणी सुमारे ४ मिनिटांत उकळू लागले आणि पुढे २० मिनिटांत सगळे आटून गेले. चार मिनिटांत १६२ अंश ताप चढला, म्हणजे मिनिटाला साडेचाळीस. वीस मिनिटांत त्याच वेगाने आलेली उष्णता ८१० फॅरनहाइट अंशांची, म्हणजे आपल्या मापाने ४५० उष्मांकांची. आजचा आकडा ५३९. एक भांडे, एक पत्रा आणि एक घड्याळ एवढ्या सामग्रीवर माणूस इतका जवळ पोचला याचेच नवल. शिक्षक बंधूंनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. चूल सारखी पेटती ठेवली तर मुलांनाही साडेचारशे ते सहाशेच्या दरम्यानचा आकडा मिळावयास हरकत नाही. ब्लॅकने हे सारे वर्गात शिकविले, पण छापून काढले नाही. १७९९ साली तो वारला आणि त्याची व्याख्याने १८०३ साली पुस्तकरूपाने निघाली.

त्याच विद्यापीठात जेम्स वॉट उपकरणे दुरुस्त करीत असे. न्यूकोमेनच्या वाफेच्या यंत्राचा एक नमुना १७६३ च्या सुमारास त्याच्याकडे दुरुस्तीला आला. हे यंत्र इतकी वाफ खाते कशाने, या चिंतेत असताना त्याने किटलीतली वाफ नळीने थंड पाण्यात सोडून पाहिली. वाफेने आपल्या वजनाच्या सहापट विहिरीचे पाणी उकळीला आणले! वॉट चक्रावला आणि ब्लॅककडे गेला. ब्लॅकने त्याला सुप्त उष्णतेची गोष्ट सांगितली. पडताळून पाहा: विहिरीचे पाणी १० अंशांचे धरले तर ते उकळावयास ९० उष्मांक, सहा किलोला ५४०. वॉटच्या किटलीतून निघालेला आकडा आजच्या आकड्याला भिडतो. पुढे १७६५ साली त्याने वाफ थंड करण्याचे भांडे सिलिंडरपासून वेगळे काढले. तो इतिहास पाठ्यपुस्तकात आहे, त्यात शिरत नाही.

वॉट जोरकस दाबाच्या वाफेला मात्र आयुष्यभर भ्याला. त्याला भित्रा म्हणून हसणारे पुष्कळ निघाले. रिचर्ड ट्रेव्हिथिक हा कॉर्नवॉलचा आडदांड इंजिनियर भ्याला नाही. लहान, भक्कम बाष्पक आणि मोठा दाब ही त्याची रीत. १८०३ च्या सप्टेंबरात लंडनजवळ ग्रीनिच येथे त्याचे एक यंत्र पाणी उपसण्याच्या कामावर होते. त्यावर नेमलेला पोरगा यंत्र दुसऱ्याच्या हवाली करून मासे धरावयास गेला. वाफेची दांडी पान्याने अडकवून ठेवलेली. यंत्र फार वेगाने चाललेले पाहून त्या दुसऱ्या माणसाने ते थांबविले. पण पाना काढला नाही. खाली जाळ चालूच. आता ती टाकी खरोखरच बंद टाकी झाली. ती फुटली आणि चार माणसे गेली.

ट्रेव्हिथिकने यातून धडा घेतला. पुढच्या यंत्रांवर त्याने दोन झडपा ठेवल्या, त्यांतली एक चालकाचा हात पोचणार नाही अशी. आणि बाष्पकाच्या अंगात, जाळाच्या वरच्या बाजूला, शिशाचे बूच बसविले. शिसे ३२७ अंशांवर वितळते. वर पाणी आहे तोवर ते पाणी वाफ होताना शिशाची उष्णता ओढून नेते, म्हणून बूच टिकते. पाणी खाली गेले की बूच वितळते आणि वाफच जाळ विझविते. सुप्त उष्णतेचा असा रखवालदार करणे ही मोठी अक्कल होय.

१८२२ साली कान्यार द ला तूर या फ्रेंच गृहस्थाने बंद भांड्याचे आणखी एक रहस्य उघडे केले. बंदुकीच्या नळीत त्याने थोडे द्रव आणि गारगोटीची गोळी घातली, दोन्ही टोके बंद केली आणि नळी तापवीत हलवीत राहिला. आत द्रव असेपर्यंत गोळी डुबकल्याचा आवाज येई. एका ठराविक तापाला तो आवाज बंद झाला. द्रव आणि वाफ यांतला भेदच मिटला होता. पाण्याच्या बाबतीत हे ३७४ अंशांवर, हवेच्या सुमारे २१८ पट दाबाखाली घडते, आणि तेव्हा एक किलो पाणी ३.१ लिटर जागा व्यापते.

याचा आपल्या टाकीशी संबंध काय म्हणाल, तर असा. शंभर लिटरच्या टाकीत सुमारे ३२ किलोपेक्षा जास्त पाणी घातले, तर ते तापवीत नेल्यावर वाफ होऊन संपत नाही. उलट फुगून टाकी भरून काढते. उघड्या पातेल्यात पाणी खाली जाते, या टाकीत ते शेवटी वर चढते. ७५ किलो घातले तर २८० अंशांच्या जरा पुढे टाकी काठोकाठ भरते. त्यानंतर अंशाअंशाला दाब असा उसळतो, की कोणत्याही लोखंडाने हात टेकावे. म्हणून पूर्ण बंद भांडे पाण्याने गच्च भरून तापविणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

आता राहिले कोष्टक. फ्रेंच सरकारने वाफेची मापे नीट घेण्याचे काम व्हिक्टर रेन्यो याच्यावर सोपविले. पाऱ्याचे उंच स्तंभ उभारून, वेगवेगळ्या दाबांखाली वाफ करून आणि ती पुन्हा पाण्यात जिरवून त्याने वर्षानुवर्षे मोजमापे घेतली. १८४७ साली ती प्रसिद्ध झाली. शून्य अंशाच्या एक किलो पाण्याची अमुक तापाची वाफ करावयास एकंदर किती उष्णता लागते, याचे त्याचे सूत्र सोपे आहे: तापाचे अंश ०.३०५ ने गुणा आणि ६०६.५ मिळवा. शंभर अंशांना ६३७ येतात. त्यांतून पाणी तापविण्याचे १०० वजा केले की ५३७. आजच्याहून फक्त दोन कमी. याच माणसाची सेव्हर येथील उपकरणे १८७०-७१ च्या युद्धात नासली आणि चित्रकार मुलगा त्याच युद्धात मारला गेला. पण त्याचे आकडे घेऊन जगभरचे इंजिनियर पुष्कळ वर्षे बाष्पके बांधीत राहिले.

एक गाठ मात्र रेन्योच्या सूत्रात सुटलेली नव्हती. उघड्या भांड्यात एक किलो पाण्याची वाफ होते तेव्हा ती सुमारे १,६७० लिटर जागा व्यापते. तेवढी हवा तिला बाजूला ढकलावी लागते. हे ढकलणे फुकट होत नाही. इंग्लंडात ज्यूलने १८४० नंतरच्या दशकात दाखवून दिले की काम आणि उष्णता एकमेकांत बदलतात. एक किलो वजन ४२७ मीटर उचलण्याचे काम म्हणजे एक उष्मांक. १८५० साली जर्मनीत क्लाउझियसने हा विचार वाफेला लावला. गणित पाहा. एक चौरस मीटरवर हवेचा भार सुमारे १०,३३० किलो. तो १.६७ मीटर ढकलला तर १७,२५० किलोग्रॅम-मीटर काम झाले. ४२७ ने भागा. सुमारे ४० उष्मांक. म्हणजे ५३९ पैकी ४० उष्मांक हवेला रेटण्यात गेले आणि पाण्याचे कण एकमेकांपासून सोडविण्यात ४९९ लागले.

बंद टाकीत रेटावयाचे कोणाला? टाकी हलत नाही, हवा बाहेरच आहे. तेव्हा ढकलण्याचा खर्च मुळी येतच नाही. जाळातून आत गेलेला प्रत्येक उष्मांक आतल्या पाण्यात नि वाफेत साठून राहतो. एवढे कळल्यावर आपले उदाहरण सुटते.

एक किलो पाण्याची सगळी वाफ शंभर लिटरांत बसली पाहिजे. १०० अंशांवर ती बसत नाही, तिला १,६७० लिटर हवेत. त्या तापाला जेमतेम सहा शतांश पाणी वाफ झालेले असते. १५० अंशांवर एक किलो वाफेस ३९३ लिटर लागतात, म्हणजे आपल्या टाकीत पाव किलोची वाफ. २०० अंशांवर १२७ लिटर. आणि २१२ अंशांवर बरोबर शंभर. तेथे शेवटचा थेंब नाहीसा होतो. आत दाब हवेच्या सुमारे वीसपट. त्या वाफेत शून्य अंशापासून साठलेली उष्णता ६२१ उष्मांक. सुरुवातीच्या ३० अंशांच्या पाण्याजवळ ३०-३२ होतेच. वजाबाकी करा: जवळजवळ ५९०.

उघड्या पातेल्यात ७० आणि ५३९ मिळून ६०९ लागले असते. बंद टाकीला त्याहून थोडी कमीच! अर्थात हा पाण्याचा हिशेब झाला. टाकी ५० किलो लोखंडाची असेल तर ती २१२ अंशांपर्यंत तापावयास हजारेक उष्मांक आणखी खाईल. प्रश्न सोडविणारे विद्यार्थी ते नेमके विसरतात.

आकडा लहान दिसतो म्हणून फसू नका. पातेले आटवावयास लागणारेच जळण, पण पातेल्यातली उष्णता वाऱ्यावर गेली, आणि टाकीतली टाकीतच बसली आहे. खऱ्या बाष्पकात तर वाफेपेक्षा पाणी फार जास्त असते, आणि धोका मुख्यतः त्या पाण्याचा असतो. साखर कारखान्याच्या नव्हे, एखाद्या लहान गिरणीच्या बाष्पकाचे उदाहरण घेऊ. आत १,००० किलो पाणी, ताप १८० अंश, दाब हवेच्या दसपट. पत्रा फाटला आणि दाब एकदम उतरला, तर ते पाणी १८० अंशांवर राहू शकत नाही. ते १०० अंशांवर येते, आणि उरलेल्या उष्णतेने त्यातले १५० किलो पाणी एका क्षणात वाफ होते. हजार-अकराशे लिटरांच्या ऐवजी आता अडीच लाख लिटर! दहा मीटर लांब, पाच रुंद आणि पाच उंच अशी खोली ती वाफ एकटी भरील. ब्लॅक ज्याला बंदुकीच्या दारूची उपमा देत होता ते येथे काही अंशी खरे होते.

हे घडलेले आहे. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर २७ एप्रिल १८६५ रोजी ‘सुलताना’ बोटीची बाष्पके फुटली. युद्धातून सुटून घरी निघालेले सैनिक तीत खच्चून भरले होते. हजाराहून अधिक माणसे मेली. आपल्याकडे कलकत्त्यास १८६३ साली बाष्पकाचा भयंकर स्फोट झाला, आणि १८६४ साली बंगालमध्ये बाष्पके तपासण्याचा कायदा आला. देशातला तो अशा प्रकारचा पहिला. पुढे १९२३ साली सबंध देशासाठी भारतीय बाष्पक कायदा झाला आणि २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. बॉयलर चालविणाऱ्यास दाखला का लागतो, काचेच्या नळीतली पाण्याची पातळी त्याने सारखी का पाहावयाची, झडपेवर वाढीव वजन टांगणे हा गुन्हा का, याची उत्तरे सगळी वरच्या गणितात आहेत.

गावाजवळच्या साखर कारखान्यात बाष्पकाची तपासणी चालली असेल आणि आपल्याला पाहावयास मिळाली, तर एक गोष्ट ध्यानात येईल. बाष्पक दाबाला टिकते की नाही हे पाहावयाचे असते. पण निरीक्षक ते वाफेने पाहत नाहीत. बाष्पक थंड पाण्याने काठोकाठ भरतात, आतली हवा काढून टाकतात आणि पंपाने रोजच्या दाबाहून अधिक दाब चढवितात. थंड पाण्यात साठविलेली उष्णता नसते, आणि दाबाने ते फारसे दबतही नाही. पत्रा कच्चा निघाला तर सांध्यातून पाण्याची चिळकांडी उडते, काटा झरकन शून्यावर येतो, आणि जवळ उभ्या असलेल्या फिटरचे कपडे भिजतात.